बे दुणे चार

आधी एक कोडं सोडवा, मग पुढे वाचा. दोन मित्र आहेत. पहिल्यानं दुसऱ्याच्या बहिणीशी लग्न केलं आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या बहिणीशी. तर हे दोघं एकमेकांचे कोण?

सांगलीत, विश्रामबागेत, आमच्या खालच्या मजल्यावर दोन भाऊ राहतात. थोरला सातवीत, धाकटा चौथीत. मे महिन्यातल्या एका दुपारी ते माझ्याकडे आले होते तेव्हा मी त्यांना हेच विचारलं. थोरला पटकन म्हणाला, "मेहुणे." धाकटा बोटांवर काहीतरी मोजत बसला आणि मग एकदम ओरडला, "काकू, दोनदा मेहुणे!"

शाब्बास! बायकोचा भाऊ म्हणून मेहुणा आणि बहिणीचा नवरा म्हणूनही मेहुणा. बायकांचंही तसंच. त्या एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. अशा लग्नांना आपल्याकडे साटंलोटं म्हणतात. आजीला विचारा, तिच्या माहितीतलं एखादं तरी साटंलोटं निघेलच.

हे कोडं मी एका सिनेमातून उचललंय. लॉरेल आणि हार्डी ही जोडी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. एक किडकिडीत, जरा काही झालं की रडवेला होणारा. दुसरा गोल गरगरीत, लाजला की गळ्यातला टाय बोटांनी फडफडवणारा. आपल्याकडे कितीतरी घरांत त्यांना जाड्या-रड्या याच नावानं ओळखतात. त्यांचा 1933 सालचा 'ट्वाइस टू' नावाचा वीसेक मिनिटांचा सिनेमा आहे. ट्वाइस टू म्हणजे आपल्या पाढ्यातलं बे दुणे! त्यात या दोघांनी साटंलोटं केलेलं असतं. लग्नाचा पहिला वाढदिवस असतो, चौघं रात्रीच्या जेवणाला एकत्र बसणार असतात, घरात केक आणलेला असतो. मग काय, आधी कुरबुर, मग टोमणे, मग कडाक्याचं भांडण.

पण खरी गंमत पुढेच आहे. लॉरेलची बहीण कोण झालंय? लॉरेलच. आणि हार्डीची बहीण? हार्डीच! डोक्यावर केसांचा टोप, अंगात बायकी झगा. म्हणजे हार्डीच्या बायकोचा चेहरा लॉरेलचा आणि लॉरेलच्या बायकोचा चेहरा हार्डीचा. गोष्टीत माणसं चार, नट मात्र दोन.

दोघं भाऊ पोट धरून हसले. हसून हसून दमल्यावर धाकट्यानं एक प्रश्न विचारला, "काकू, एक माणूस एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसेल कसा?"

सांगलीच्या मुलानं हा प्रश्न विचारला याचं मला फार बरं वाटलं. कारण एकानं दुसऱ्याचं सोंग घ्यायचं आणि बघणाऱ्यानं ते खरं मानायचं, या खेळाचं मराठीतलं मोठं घर सांगलीच. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक इथेच केलं, 1843 साली, सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. तो दिवस 5 नोव्हेंबर. म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या काळी नाटकात सीतासुद्धा पुरुषच व्हायचे. तेव्हा पुरुषानं बाई होणं ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

पण नाटकात एक अडचण आहे. नट तुमच्या डोळ्यांसमोर जिताजागता उभा असतो. तो एका वेळी एकाच ठिकाणी असणार. मग एका नटाला दोन माणसं व्हायचं असेल तर काय करायचं? पहिला माणूस आत गेला की थोड्या वेळानं दुसऱ्यानं बाहेर यायचं. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकात प्रभाकर पणशीकर एकटेच पाच माणसं व्हायचे. 1962 साली हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं. त्यातला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, म्हणजे आपल्या शेजारचाच. या नाटकाला फिरता रंगमंच होता. भल्या मोठ्या जात्यासारखी तबकडी समजा. पुढच्या भागात एक प्रसंग चालू असताना मागच्या भागात पुढच्या प्रसंगाचं घर मांडून तयार. तबकडी फिरली की नवं घर समोर! त्यामुळे कपडे बदलून नट हजर झाला की प्रेक्षकांना ताटकळावं लागत नसे. मात्र लखोबा आणि दुसरं सोंग एकमेकांशी बोलत बसलेत, असं तिथे कधीच होणार नाही.

सिनेमात होतं. कसं, ते आता पाहू.

सगळ्यात सोपी युक्ती कातरीची. आधी नवऱ्याचं बोलणं टिपायचं. मग त्याच नटाला झगा घालून बायकोचं उत्तर टिपायचं. दोन तुकडे एकामागोमाग जोडले की आपल्याला वाटतं, दोघं समोरासमोर बसलेत. मध्ये एखादा दुसराच माणूस पाठमोरा बसवला की झालं. त्याची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही, आणि आपलं मन उरलेला चेहरा स्वतःच भरून टाकतं. 

दुसरी युक्ती मात्र जादूच वाटते. एकाच चित्रात, एकाच वेळी, तोच माणूस दोनदा! ती कळण्यासाठी जुन्या कॅमेऱ्यातली फिल्म कशी काम करायची ते थोडं समजून घ्यायला हवं. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी. तिच्यावर चांदीच्या क्षारांचे बारीक बारीक कण लावलेले असतात. उजेड पडला की त्या कणांमध्ये बदल होतो. जिथे उजेड पडलाच नाही तिथले कण जसेच्या तसे राहतात, कोऱ्या पाटीसारखे.

आता कॅमेऱ्यापुढे एक काळा पुठ्ठा असा धरा की समोरचं उजवं अर्धं दृश्य झाकलं जाईल. डाव्या खुर्चीवर नवरा बसवा आणि चित्रण करा. फिल्मचा अर्धा भाग लिहून झाला, अर्धा कोराच राहिला. मग फिल्म जिथून सुरुवात केली तिथपर्यंत अंधारात उलटी गुंडाळून घ्या. पुठ्ठा दुसऱ्या बाजूला न्या. तोच नट, बायकोच्या वेषात, उजव्या खुर्चीवर. पुन्हा चित्रण करा. आता कोरा अर्धा भागही भरला. फिल्म धुतली की नवरा-बायको शेजारी शेजारी!

इथे थोरल्यानं मला अडवलं. "काकू, पण मधे रेघ दिसेल ना? पुठ्ठ्याच्या कडेची?"

प्रश्न इतका चांगला होता की मी उठून एक पोस्टकार्ड घेऊन आले. तुम्हीही घ्या. एक डोळा मिटा. पोस्टकार्ड उघड्या डोळ्याच्या अगदी जवळ, अर्ध्यापर्यंत धरा आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. घड्याळ स्पष्ट दिसतंय. पण कार्डाची कड? ती धूसर दिसते. कड नाहीच, तिथे एक अंधुक पट्टा आहे. त्या पट्ट्यातून पलीकडचं थोडं दिसतं, थोडं दिसत नाही. भिंगाचं असंच असतं. लांबच्या खुर्चीवर त्याची नजर ठरवली की जवळचा पुठ्ठा धूसर होतो.

आता त्या अंधुक पट्ट्यातला एक ठिपका घ्या. समजा पहिल्या वेळी तिथे पूर्ण उजेडाच्या 70 टक्के उजेड पोचला. दुसऱ्या वेळी पुठ्ठा बरोबर उलट बाजूला त्याच रेषेवर ठेवला तर तिथे 30 टक्के पोचेल. 70 आणि 30 किती? पूर्ण 100! शेजारच्या ठिपक्यावर 60 आणि 40. त्याच्या शेजारी 50 आणि 50. प्रत्येक ठिकाणी बेरीज तीच येते, म्हणून शिवण दिसत नाही. पण पुठ्ठा जरा जास्त सरकला तर बेरीज कमी पडते आणि मधे काळसर पट्टा उमटतो. कमी सरकला तर पांढुरका पट्टा. मला या सगळ्या प्रकरणातली ही बेरीज सर्वांत सुंदर वाटते. डोळ्यांना फसवायचं, तेही इतक्या प्रामाणिक गणितानं!

मोजणी आणखी एका ठिकाणी लागते. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं, दांडा फिरवून चालवायचे. दांड्याच्या एका फेरीत 8 चित्रं, सेकंदाला साधारण दोन फेऱ्या. पहिल्या वेळी 200 फेऱ्या झाल्या असतील तर फिल्म मागेही नेमकी 200 फेऱ्यांनीच न्यायची. चार-पाच फेऱ्या चुकल्या की नवऱ्यानं विचारण्याआधीच बायकोचं उत्तर तयार! 1921 साली बस्टर कीटन या विनोदी नटानं 'द प्लेहाउस' नावाच्या सिनेमात एकाच रंगमंचावर स्वतःला नऊ वेळा उभं केलं. एल्जिन लेस्ली नावाचा त्याचा कॅमेरामन होता. एकच फिल्म पुन्हा पुन्हा मागे नेऊन, प्रत्येक वेळी तेवढ्याच वेगानं दांडा फिरवायचा. नऊ वेळा! मला तर त्या सिनेमाचा खरा नायक लेस्लीच वाटतो.

आणि आपल्याकडे? आपले दादासाहेब फाळके होतेच की. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले. ते सिनेमावाले व्हायच्या आधी जादूचे प्रयोगही करायचे, नाव उलटं करून, 'प्रोफेसर केळफा' म्हणून! त्यांनी आधी काय केलं असेल? वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळानं टिपली. पडद्यावर बी रुजून भराभर वेल झालेला दिसायचा. कॅमेऱ्याला वेळेशी खेळता येतं हे त्यांना तिथेच कळलं होतं. पुढे 1917 साली त्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम झाले अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णा साळुंकेच! हॉटेलात काम करणारा हा माणूस फाळक्यांनी नेमका हेरला होता. आपल्या देशातली ही पहिली दुहेरी भूमिका. गोष्टही सोयीची, सीता अशोकवनात आणि राम तिच्या शोधात, त्यामुळे बराच काळ दोघं समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही.

एवढं ऐकल्यावर दोघं भाऊ थांबतात कुठले! "काकू, आपण करू या." फिल्म कुठून आणायची? फोन आहे की. फोनमध्ये फिल्म नसते, उजेड मोजणारे लाखो बारीक ठिपके असतात. दोन वेगवेगळे व्हिडिओ घ्यायचे आणि ॲपमध्ये पहिल्याचे डावे ठिपके, दुसऱ्याचे उजवे ठिपके ठेवायचे. पुठ्ठ्याचं काम ॲप करतं.

टेबलाभोवती चार खुर्च्या मांडल्या. फोन पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवला. टेबलाच्या मधोमध वाटीभर भडंग. सांगलीतलं घर म्हटल्यावर भांडण केकवरून थोडंच होणार! पहिल्या वेळी दोघं नवरे म्हणून डाव्या खुर्च्यांवर बसले. उजव्या खुर्च्या रिकाम्या. पण रिकाम्या खुर्चीकडे बघून रागवायचं कसं? धाकट्याची नजर सारखी छताकडे जायला लागली. मग उजव्या खुर्चीत मीच जाऊन बसले आणि बायकांची वाक्यं म्हणायला लागले. चालतं बरं का! त्या अर्ध्या भागातलं काहीच शेवटी दिसणार नसतं. तिथे काकू बसो नाही तर कपडे वाळत घालायची दोरी असो.

नवऱ्यानं विचारायचं, "भडंगात शेंगदाणे का नाहीत?" आणि मग गप्प राहायचं, बायको उत्तर देईपर्यंत. किती वेळ गप्प? थोरल्यानं टेबलाखाली पाय आपटून तीन ठोके मोजायचं ठरवलं. एक, दोन, तीन, की पुढचं वाक्य.

मग आली बायकांची पाळी. माझ्या जुन्या साड्या, पिना, टिकल्या, आणि आरशापुढे दोघांची खूप हसाहस. चाळीस मिनिटं गेली. दोघी, म्हणजे दोघं, उजव्या खुर्च्यांवर येऊन बसले, दुसरा व्हिडिओ झाला, जोडला, आणि आम्ही श्वास रोखून बघायला लागलो.

पडद्यावर चौघं होते. खरंच चौघं! धाकटा स्वतःच्याच बायकोच्या वेषातल्या दादाकडे डोळे वटारून बघत होता. पण थोरल्यानं ओरडून बोट दाखवलं, "वाटी बघा!"

वाटी बरोबर रेषेवर होती. डावीकडची अर्धी वाटी शिगोशीग भरलेली, वर भडंगाचा डोंगर. उजवीकडची अर्धी वाटी सपाट. डोंगर मधेच सुरीनं कापल्यासारखा उभा. साडी नेसवून घेताना कोणीतरी मूठ मूठ भडंग खाल्लं होतं. धाकटा काही बोलला नाही, पण त्याच्या पदराला लाल तिखट लागलेलं होतं.

मग आम्ही आणखी चुका शोधायला लागलो. मला विचाराल तर खरं विज्ञान तिथेच सुरू झालं. थोरला नवरा भडंगासाठी हात पुढे करतो तिथे त्याचं मनगट नाहीसं होतं, कारण हात रेषेपलीकडे गेला. टेबलावर खिडकीतून उन्हाचा चौकोन पडला होता. तो डाव्या भागात एका जागी होता आणि उजव्या भागात सरकलेला. सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकलेला दिसतो. म्हणजे आमच्या चाळीस मिनिटांत 10 अंश! साडी नेसेपर्यंत पृथ्वी तेवढी वळली होती, आणि टेबलावर त्याचा पुरावा पडला होता.

आवाजाची तर वेगळीच तऱ्हा. चित्राला डावं-उजवं असतं, आवाजाला नसतं. पहिल्या व्हिडिओत मी म्हटलेली बायकांची वाक्यंही टिपली गेली होती. त्यामुळे बायको बोलली की तिच्या तोंडातून धाकट्याचा आणि माझा, असे दोन आवाज यायचे. शिवाय विश्रामबाग स्टेशनावरून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी. ते तुकडे शोधून शोधून गप्प करावे लागले.

आवाजावरून आठवलं. 'ट्वाइस टू'मधल्या दोन्ही बायकांचे आवाज लॉरेल-हार्डीचे नाहीत. ते दुसऱ्या नट्यांनी दिलेत. का बरं? आपल्या गळ्यात दोन नाजूक पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. ते थरथरले की आवाज निघतो. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू लांब आणि जाड, बोलताना सेकंदाला साधारण 120 वेळा थरथरणारे. बाईचे आखूड, साधारण 200 वेळा. सतारीची जाड तार आणि बारीक तार आठवा. पुरुषानं ओढूनताणून बारीक आवाज काढला तर तो सोंगाचा आहे हे कानाला लगेच कळतं. पण तुमच्या वयात मुलगा आणि मुलगी, दोघांचेही स्वरतंतू आखूडच असतात. म्हणून आमच्या धाकट्याला बायकोच्या आवाजासाठी काहीच करावं लागलं नाही. आणखी चार-पाच वर्षांनी त्याचा आवाज फुटेल, तेव्हा हे जमणार नाही.

लॉरेल आणि हार्डी आणखी एकदा असे दुप्पट झाले होते. 1930 सालच्या 'ब्रॅट्स'मध्ये ते स्वतःचीच मुलं झाले! मोठे नट लहान कसे दिसले? खुर्च्या, पलंग, दारं, सगळं घरच प्रचंड मोठं बांधलं. भल्यामोठ्या खुर्चीवर पाय लोंबकळत बसलेला माणूस लहानच दिसतो. वस्तू केवढी आहे हे आपला मेंदू शेजारच्या वस्तूवरून ठरवतो. आजोबांच्या चपला घालून फोटो काढून बघा.

आपल्या हिंदी सिनेमातही अशी एक जोडी आहे आणि ती मला जाड्या-रड्याइतकीच लाडकी आहे. गुलजारांचा 'अंगूर', 1982 सालचा. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स' या नाटकावरून केलेला. त्यात दोन अशोक, दोघंही संजीव कुमार. दोन बहादूर, दोघंही देवेन वर्मा, जे पुढे पुण्यात राहिले. एका अशोकच्या घरात दुसराच अशोक जाऊन बसतो आणि घरच्यांना पत्ताच लागत नाही. कपडे आणि टोप बदलायचीही सोय नाही, कारण जुळे हुबेहूब सारखे. तरी बघताना आपण एकदाही गोंधळत नाही. कोणता अशोक घरचा, कोणता पाहुणा, ते नुसत्या मान वळवण्यावरून कळतं. तिथे कॅमेऱ्याची युक्ती संपते आणि नटाचं काम सुरू होतं. याच गोष्टीवर त्याआधी 1968 साली एक सिनेमा आला होता. त्यात किशोर कुमार आणि असित सेन दुहेरी झाले होते. त्याचं नाव काय होतं माहितेय? 'दो दूनी चार'!

आता तुमची पाळी. घरातलं भावंड नाही तर मित्र पकडा, दोन माणसांचे चौघं करा. फोन एकदा बसवला की त्याला कोणालाही हात लावू देऊ नका. पंखा बंद करा, नाही तर पडदे हलतील. खिडकी लावून दिव्याच्या उजेडात करा, म्हणजे सूर्य मधे येणार नाही. कपडे आधीच काढून ठेवा. हात रेषेपलीकडे नेऊ नका. आणि खाऊची वाटी मधोमध ठेवायचीच असेल, तर ती दुसरं चित्रण संपेपर्यंत झाकून ठेवा.